कर्णयंत्राची मोहीम आणि परत न घेणाऱ्या पाटीची हकिकत

आज्ञा जाहली की कर्णयंत्राचे मोहिमेची हकिकत खरी खरी लिहावी. त्यास, लिहिणार घरातलाच. मीठमसाला पडलाच तर बेताने.

पाट्या रंगविणारे पेंटरसाहेब, त्यांच्या मातोश्री थोरल्या बाई. बाईंचे कान तीन वर्षांपासून फितूर होते. सारे हसले की बाईही हसत, आणि कशास हसलो हे कोणास पुसत नसत. ते पाहोन सूनबाईसाहेबांचे पोटात तुटले, आणि मग त्यांनी बाजारातून कर्णयंत्र आणविले. यंत्र दुसरेच दिवशी शिट्ट्या घालो लागले, बोलणे मात्र ऐको येईना.

मग सूनबाईसाहेब पावती मुठीत धरोन दुकानावर चालोन गेल्या. दुकानदार मोठे मातब्बर, उंच खुर्चीवर विराजमान. त्यांनी तोंडास तसदी न देतां मस्तकावरील पाटीकडे बोट केले: ‘विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.’ सूनबाईंनी कायद्याची तोफ डागिली की सदोष माल बदलोन देणे विक्रेत्यास बंधनकारक, पाटी काहीही म्हणो. त्यावर हुकूम सुटला की कायदा सरकारचा, दुकान आमचे. आणि पावतीमागील अठरा शर्ती, मुंगीने वाचाव्या ऐशा अक्षरांत, पुढे केल्या. त्यांत नववी ऐशी की यंत्र कानास लाविल्यास वापरलेले समजावे. कानास न लावितां पारखावे कैसे, याचा खुलासा दहावीत नव्हता.

आता माघार घ्यावी ऐसा रंग दिसो लागला, तों सूनबाईंची नजर पाटीचे कोपऱ्यात गेली. तेथे पेंटरसाहेबांची खूण, हिरवा ठिपका.

“अहो, ही पाटी आमच्या ह्यांची! दोनदा परत पाठवणारे ते तुम्हीच होय? एकदा रंग उडाला म्हणून, एकदा रेघ वाकडी म्हणून. ह्यांनी मुकाट बदलून दिली. मग तो काय विकलेला माल नव्हता?”

उभी गिऱ्हाइके फिदीफिदी हसली, आणि एकाने पिशवीतील आपले बिघडलेले रक्तदाबयंत्र चाचपिले. ते पाहोन दुकानदार घामाघूम जाहले आणि मग तह केला: यंत्र नवे, हमीची मुदत नवी, आणि पाटीचे तोंड भिंतीकडे.

दुसरे दिवशी यंत्र कानी बसले. सूनबाई ओट्यापाशी, तीन वर्षांचे सवयीने, पुटपुटल्या की म्हातारीचं एक संपलं की दुसरं सुरूच.

थोरल्या बाई वळल्या. डोळे भरोन आले होते.

“बोल गं, थांबू नकोस. तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकतेय.”

येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. यंत्र उत्तम चालते, एक अक्षर सुटत नाही, ऐसी नोंद थोरल्या बाईंचे सहीनिशी केली असे. सूनबाईंची सही घेणे बाकी.