सर्वोत्तम श्रोती

गाणं ऐकण्यासाठी असतं, असा समज माणसांमध्ये फार काळ टिकून होता. त्याला पुरावा काहीच नव्हता. लोक गाणं ऐकत, मान डोलावत आणि कामाला लागत; त्यातून गायकाचं काय भलं झालं, याची कुठेही नोंद नसे. तो अनागोंदीचा काळ आता सरला. आता गाणं वर नेण्यासाठी असतं. वर म्हणजे सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या गाण्यांच्या यादीत. आणि हे काम कोरियातल्या देगू शहरातल्या सुकटबाजारात ज्या शिस्तीने चालतं, तसं दुसरीकडे कुठे चालत नाही (पुसानवाले म्हणतात, आमच्याकडे चालतं, म्हणोत बापडे).

या बाजारात बे माल-सुनबाईंचं दुकान आहे. बोंबलासारखी सुकी मासळी, बारीक सुकट, समुद्री शेवाळाचे पापड. तीन वर्षांपूर्वी त्यांचा गुडघा बदलला आणि त्या घरी पडून राहिल्या. मुलं राजधानीत, सोलला, नवरा दुकानात. आपल्यावाचून जगाचं काही अडत नाही, हे माणसाला पडल्या पडल्याच कळतं, तसं त्यांनाही कळलं आणि त्यांनी जेवण टाकलं. अशात एका दुपारी रेडिओवर छा मू-ग्योल नावाच्या पोराचं गाणं लागलं. माल-सुनबाई गाणं संपेपर्यंत रडल्या आणि मग त्यांनी भात मागितला. त्यांचा जीव त्या आवाजाने वाचवला, असं त्या सांगत, आणि ते खरंच होतं.

पुढचं वर्षभर त्या दुकानात सुकटीच्या पोत्यावर बसून तो आवाज ऐकत. ऐकता ऐकता वजनात चुका होत, त्या गिऱ्हाइकाच्या फायद्याच्या असल्यामुळे तक्रार आली नाही. मग त्यांना वाटलं, एवढं प्रेम आहे तर ते कामी यावं. म्हणून त्या छा मू-ग्योल रसिक मंडळाच्या देगू शाखेत दाखल झाल्या. त्यांची निष्ठा पाहून त्यांना थेट श्रवण विभागात घेण्यात आलं. त्या दिवसापासून त्यांचं ऐकणं बंद झालं.

यात विसंगती काही नाही. श्रवण विभागाचे नियम नीट वाचले की सगळं स्पष्ट होतं. गाणं अहोरात्र चालू ठेवावं. आवाज शून्यावर ठेवू नये, कारण शून्यावरचं ऐकणं यंत्र धरत नाही. तो एकवर ठेवावा. (एकवर माणसाला ऐकू येत नाही. पण प्रश्न माणसाचा नाहीच.) कानातली वायर फोनला लावावी आणि कानात घालू नये. मधेच थांबवलेलं गाणं मोजलं जात नाही, म्हणून चालू फोनला हात लावू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकच गाणं सतत वाजवलं की यंत्राला संशय येतो की समोरही यंत्रच आहे. तेव्हा दर तीन वेळांनंतर दुसऱ्या कोणाचं तरी एक गाणं घालावं, म्हणजे ऐकणारा माणूस असल्यासारखा दिसतो. हे मधलं गाणं मंडळ ठरवून देतं. त्याची निवड लांबीवरून होते. आखूड असलं की झालं.

माल-सुनबाईंकडे सात फोन होते. ते तापत, म्हणून समोरच्या मासेवाल्याकडून बर्फ आणून त्यावर पाट आणि पाटावर फोन, अशी व्यवस्था होती. ती राखण्याचं काम त्यांचे यजमान बांग पिल-गू यांच्याकडे होतं. पिल-गू हे मितभाषी गृहस्थ. गाण्यातलं त्यांना काही कळत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं आणि घरात ते बहुमताने मान्य होतं.

अशा वेळी मू-ग्योलचं नवं गाणं आलं, ‘धक्क्यावरची छत्री’. माल-सुनबाईंनी ते पहिल्या तासापासून सातही फोनांवर लावलं. ऐकलं मात्र नाही. गाणं पहिल्या नंबरावर गेलं की दुकान लवकर बंद करायचं, पोत्यावर बसायचं आणि निवांत ऐकायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. चांगली मिठाई पाहुण्यांसाठी ठेवून द्यावी तसं त्यांनी ते ठेवून दिलं होतं. हा मोह आवरणं सोपं नव्हतं.

निष्ठेचं फळ मिळतंच. एका सकाळी श्रवण विभागाच्या प्रमुख, निवृत्त उपमुख्याध्यापिका प्यो गुम-रानताई दुकानात आल्या.

“माल-सुन, अख्ख्या देशात तुझं ऐकणं सगळ्यात जास्त भरलं. सर्वोत्तम श्रोती. रविवारी सोलच्या मेळाव्यात स्टेजवर जायचं. नव्या गाण्याचं ध्रुवपद तू म्हणायचंस, तो शेजारी उभा राहणार.”

माल-सुनबाईंना हातातली सुकट सावरेना. “ताई, पण ते आहे कसं?”

“काय कसं आहे?”

“गाणं.”

गुम-रानताईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तिसऱ्या नंबरावर आहे,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या दुकानाकडे वळल्या.

आता ऐकून घ्यायचं, एवढंच होतं. पण रविवारपर्यंत निर्वाणीचा जोर लावायचा होता. सातही फोन चालू. एकाला हात लावला तर तेवढं ऐकणं वाया जाणार, आणि गाणं तिसऱ्यावरून चौथ्यावर घसरलं तर त्याचं पाप सर्वोत्तम श्रोतीच्या माथी. उद्या ऐकू, परवा ऐकू, करता करता रविवार उजाडला.

मंडळाची बस सकाळी निघाली. सगळ्याजणी पिकल्या पर्सिमनच्या केशरी रंगाची जाकिटं घालून, मांडीवर दोन दोन तीन तीन फोन घेऊन बसल्या होत्या. (माल-सुनबाईंचे सातही मागे बर्फावर, नवऱ्याच्या देखरेखीत होते.) बसमध्ये चाळीस बाया आणि शंभरावर फोन होते, आणि टाचणी पडली तर ऐकू आली असती. ड्रायव्हर जुना होता. आरशातून बघत तो म्हणाला, “मावशी, पूर्वी तुमच्या वयाच्या बाया चढल्या की दुसऱ्या मिनिटाला कॅसेट. मधल्या पॅसेजमध्ये असा नाच, की बस एका बाजूला कलायची. आज कोणी गेलंय का?”

“गाणं ऐकतोय आम्ही,” गुम-रानताई म्हणाल्या. “तुम्ही पुढे बघा.”

(धावत्या बसमध्ये नाचायला आता कायद्याने बंदी आहे. तो कायदा जिवाच्या भीतीने केला होता. आता तो नसता तरी चाललं असतं.)

माल-सुनबाईंनी शेजारणीला हळूच विचारलं, “ध्रुवपद कसं सुरू होतं गं?”

“अगं बाई, सर्वोत्तम तू आणि विचारतेस मला?” शेजारीण म्हणाली, आणि खिडकीबाहेर अशी पाहू लागली की तिलाही येत नाही हे कळून चुकलं.

वाटेतल्या थांब्यावर सगळ्याजणी अक्रोडाचे गरम गोळे घ्यायला उतरल्या. माल-सुनबाई स्वच्छतागृहामागे गेल्या आणि बोलण्याचा फोन काढला. (हा बटणांचा होता, त्यावर गाणी लागत नसत.) नवऱ्याला लावला. शेजारच्या घड्याळवाल्याने त्या दिवशी दुकान उघडलंच नव्हतं.

“अहो, सगळे फोन चालू आहेत ना? त्यातला एक मोठा करा. मला ध्रुवपद ऐकवा. एक ऐकणं वाया गेलं तर जाऊ दे.”

“मोठा कशाला करायचा? मला येतं की.”

“तुम्हाला कसं येतं?”

“मागे एकदा वायर निसटली होती. तेव्हा कानात घालून बघितली. बारीक येतं ऐकू. मग रोज जेवताना घालायला लागलो. सगळीच काही खास नाहीत, पण त्यातलं एक फार चांगलं आहे. तेच ना नवं?”

“तेच असणार. म्हणा.”

आणि पिल-गू यांनी म्हटलं. घशात खवखव, खालचा सूर हुकलेला, मागे मासेवाल्याची आरोळी. “कडी लावलेली नाही गं, दार नुसतं ढकल, भात झाकून ठेवलाय, ये, आधी जेव.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने बायकोपुढे एक ओळ कधी गुणगुणली नव्हती. माल-सुनबाई भिंतीला टेकल्या. गुडघ्याच्या दुखण्यातली ती दुपार त्यांना आठवली आणि डोळे भरून आले.

“यात छत्री कुठे आहे पण?” त्यांनी नाक पुसत विचारलं.

“दाराबाहेर असेल. ओली छत्री आत कोण आणतं?”

हे पटण्यासारखं होतं. त्यांनी चार वेळा म्हणून घेतलं आणि बसमध्ये चढल्या.

सभागृह खच्चून भरलं होतं. मू-ग्योलने हात धरून त्यांना स्टेजवर चढवलं. “आई, नवं गाणं आज पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकूया. वाद्यं नकोत,” तो म्हणाला. माल-सुनबाईंनी डोळे मिटले आणि नवऱ्यासारखंच, खालचा सूर हुकवत म्हटलं, “कडी लावलेली नाही गं...”

संगीत दिग्दर्शकाचा हात हवेत राहिला. मग प्रत्येकीला वाटलं, अच्छा, हे असं आहे होय; आणि आपल्याला येत नाही हे शेजारणीला कळू नये म्हणून प्रत्येकीने ओठ हलवायला सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला सगळं सभागृह गात होतं, हातातले दिवे डोलत होते, गुम-रानताई उघड रडत होत्या. मू-ग्योलच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मोठ्या पडद्यावर सर्वांनी पाहिलं. मंडळाच्या अहवालात त्याची नोंद ‘गहिवर’ अशी आहे. “आईंनी म्हटल्यावर आता मी काय म्हणणार,” असं म्हणून त्याने ते गाणं गाळलं आणि जुनी घेतली. गाणं संध्याकाळी पहिल्या नंबरावर गेलं.

माल-सुनबाई घरी आल्या तेव्हा पिल-गू यांनी कौतुकाने फोन मोठा करून तेच गाणं लावलं. पडद्यावर फोटो आला. तो थाक ग्यू-रिमचा होता. मू-ग्योलचा कट्टर प्रतिस्पर्धी. बाजारातलं सगळ्यात आखूड, म्हणून मंडळाने मधे घालायला दिलेलं गाणं त्याचं होतं.

“हा कोण?” पिल-गू यांनी विचारलं. “सगळी एकाचीच आहेत ना?”

“नाही हो.”

“म्हणजे मी रोज याचं ऐकत होतो?”

“आणि मी याचं म्हणून आले.”

पिल-गू यांनी आवाज परत एकवर आणला. “पण चांगलं म्हटलंस म्हणे,” पिल-गू म्हणाले.

“तुम्ही म्हटलंत तसंच म्हटलं.”

मंडळाच्या पुढच्या बैठकीत, सभागृहात एकमुखाने म्हटलं गेलेलं ध्रुवपद हेच अधिकृत मानावं, असा ठराव मंजूर झाला. थाक ग्यू-रिमच्या मंडळाकडून हरकत आली नाही. ते त्यांनीही ऐकलेलं नव्हतं.

बैठकीनंतर त्याच संध्याकाळी माल-सुनबाई पोत्यावर बसल्या आणि त्यांनी ‘धक्क्यावरची छत्री’ पहिल्यांदा ऐकलं. आवाज तोच होता. एक ओळ त्यांच्या मनात रुतली, म्हणून त्यांनी गाणं थांबवून ती ओळ पुन्हा ऐकली, मग पुन्हा. मधेच थांबवल्यामुळे हे ऐकणं मोजलं गेलं नाही.

वाचकांचं तसं नाही. आपण न थांबता इथवर आलात, तेव्हा आपलं वाचन पूर्ण धरण्यात येत आहे. नियमाप्रमाणे या कथेतही एक वाक्य भलत्याच कथेतलं घातलं होतं. ते आपल्या लक्षात आलंच असेल.