पिंगळेसरांच्या भिंतीवरची पावलं

पिंगळेसर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे. ते आमच्या कर्जतच्या कॉलेजातले खेळाचे शिक्षक. मुलींचा फुटबॉलचा संघ काढणार म्हटल्यावर एक प्राध्यापक हसले. सरांनी त्यांच्या बुटांवर नजर टाकली आणि म्हणाले, "टाचाच झिजल्यात. मागंमागंच सरता तुमी."

संघ त्यांनी शेतांतून जमवला. लावणीच्या दिवसांत ते कशेळ्याच्या बाजूला जायचे आणि चिखलातून कोण भराभर पाय उचलतं ते बांधावरून बघायचे. बायका ओरडायच्या, "मास्तर, बघताय काय, उतरा की!" सर पँट दुमडून खरंच उतरायचे.

मी त्यांना सुगीनंतर सापडले. बारावी होऊन घरी बसले होते. भाऊ खालून पेंढ्याचे भारे फेकत होता, मी टेंपोवर उभी राहून झेलत होते. सरांनी एक भारा उचलून अचानक माझ्या डाव्या अंगाला फेकला. मी झेलला.

"वैनी, गोलकीपर हाय ही," ते आईला म्हणाले.

"म्हंजी काय?"

"शेतात डुकरं शिरतात, ती आडवायची. तसंच."

"ते तर ती रोजच करते," आई म्हणाली.

सरांनी तिथंच वर्तमानपत्रावर माझं पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. बुटाचं माप. जूनमध्ये मी कॉलेजात होते.

पहिल्या सामन्यात मी चेंडू झकास झेलला आणि टेंपोवरच्या सवयीने वळून मागे नीट ठेवला. गोलमध्ये! सारं मैदान हसलं. सर एवढंच म्हणाले, "झेललास मात्र बेस. आता मागं रचायचं नाय गं. फेक पुढं!"

त्यांचा एकच कायदा होता : नापास झालेली खेळणार नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही अंतिम फेरीत पोचलो आणि मी इंग्रजीत नापास झाले. प्राचार्य चिडले, "पिंगळे, इंग्रजी काय गोल अडवणार आहे?"

"करंडक कपाटातून कुठं जात नाय, साहेब. पोरीला जायचं हाय."

आम्ही तीन गोलांनी हरलो. मी बाकावर रडत होते. सरांनी पिशवीतून इंग्रजीचं पुस्तक काढलं. "रडून झालं की पान बारा."

पुढच्या वर्षी मी पास झाले आणि अंतिम सामन्यात शेवटचा फटका डाव्या अंगाला झेपावून अडवला. करंडक आला. मागोमाग पदवी आली, आमच्या घरातली पहिली.

पेढे घेऊन मी पळसदरीला सरांच्या घरी गेले. तोवर आम्ही कुणीच तिथे गेलो नव्हतो. एक खोली, एक खाट, एकच ताट. आणि भिंतभर वर्तमानपत्रांवरची पेन्सिलीची पावलं, प्रत्येकावर नाव. सगळ्यांची बोटं दाराकडे.

"सर, लक्ष्मीची पावलं आत येणारी काढतात."

"ती येते. तुमी जायला असता," सर पेढा मोडत म्हणाले. "जावंच. त्यासाठीच तर आणतो."

मी माझा कागद सोडवला, फिरवला आणि बोटं खोलीकडे करून पुन्हा लावला.

"उलटा लागला गं," सर म्हणाले.

ते उठले, सरळ करतील असं वाटलं. त्यांनी नुसता निसटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

"चा टाकतो," ते म्हणाले आणि फळीवर दुसरा कप शोधू लागले.