बोर्डाची पाठ

लातूर जिल्हा वेगळा झाला त्या दुष्काळात शिरूर अनंतपाळात पाणी आठवड्यातून एकदा यायचं, आणि रुद्राणीच्या हौदाला झाकण नव्हतं. तिचे यजमान मडिवाळप्पा शाळेत क्लार्क. त्यांनी मैदानावरचा बास्केटबॉलचा एक बोर्ड उतरवून घरी आणला. (उन्हात खेळतंय कोण? आणि सामानाची किल्ली त्यांच्याच कमरेला.) झाकण असं बसलं की आळीतले कावळे निराश होऊन गाव सोडून गेले. रुद्राणी त्यावरच राखेनं भांडी घासायची. दोन महिन्यांत रंग गेला, नेम धरायचा मधला चौकोन अर्धाच उरला.

मग निरोप आला. नव्या जिल्ह्याचा मुलींचा पहिला संघ ठरणार; सामना इथंच, निलंग्याशी, जिंकेल तो संघ जिल्ह्याचा. मडिवाळप्पांची लेक सिंधु शिरूरकडून खेळायची. बोर्डावर बॉल आपटून रिंगेत पाडणं एवढंच तिला यायचं, पण ते डोळे मिटून यायचं. अप्पांनी बोर्ड परत मैदानावर नेला, लाजेखातर झिजलेली बाजू मागं फिरवली, कोऱ्या फळ्या पुढं घेऊन रिंग ठोकली.

सिंधुचा पहिला बॉल बोर्डाला लागून रिंगेत पडला. नांदेडहून आलेले पंच साहेबराव बोर्डामागं जाऊन आले आणि त्यांनी शिट्टी फुंकली. चौकोन तिकडं, म्हणजे पुढची बाजू तिकडं, ही पाठ. पाठीला लागलेला बॉल बाद.

"सर, रिंग तर इकडं हाय," सिंधु म्हणाली.

"रिंग कुठं बी ठोकता येतीय, पोरी."

असे सहा बॉल बाद झाले. दर खेपेला सिंधु अप्पांकडं बघायची. अप्पा शेजारी बसलेल्या हेडमास्तरांकडं बघायचे आणि घाम पुसायचे. सहाव्या खेपेला तिनं बघितलंच नाही.

मध्यंतराला अप्पा उठले. "साहेब, म्याच उलटा ठोकला. रंग आमच्या हौदावर गेला."

मैदान हसलं. हेडमास्तर तेवढे हसले नाहीत.

पंचांनी विचार केला. झालेलं फिरत नाही, म्हणाले. पण इथून पुढं हीच बाजू पुढची. आणि मध्यंतरानंतर, खेळाच्या रिवाजाप्रमाणं, दोन्ही संघांनी टोकं बदलली.

निलंग्याच्या पोरींनी त्या कोऱ्या फळ्यांवर मनसोक्त बॉल आपटले. दुसऱ्या टोकाला सिंधुनंही चार टाकले, पण सामना आठ गुणांनी गेला. बाद झालेल्या सहांचे बारा होत होते.

निलंग्याचे ड्रिल मास्तर हात जोडून आले. असा खरं बोलणारा माणूस जिल्ह्यात न्हाई म्हणाले, आणि आपल्या घागरीतून काठोकाठ तांब्या भरून दिला. त्या वर्षी हाराहून मोठा मान. सकाळपासून अप्पांचा घसा कोरडा होता. त्यांनी वर तोंड करून शेवटच्या थेंबापर्यंत तो मान घेतला.

तांब्या खाली केला, तर समोर सिंधु उभी. ओंजळ धरून.