सत्तेचाळीस नंबरचं पाकीट

दान गुप्त असावं, याबद्दल ख्रिस्ती जगात दुमत नाही. मात्र ते कोणी दिलं हे चारचौघांना कळल्याशिवाय ते गुप्त होतं की नव्हतं हे ठरवणार कसं? या अडचणीवर अमेरिकेत आयोवाच्या वायव्य कोपऱ्यातल्या एका डच चर्चच्या मंडळीने जो तोडगा काढला आहे, त्याचा इतरांनी अभ्यास करावा.

तिथे दशांशासाठी, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देण्यासाठी, प्रत्येक घराला वर्षाची बावन्न पाकिटं मिळतात. पाकिटावर नाव नसतं, नुसता नंबर. कोणत्या नंबराने काय दिलं याचा तक्ता दर तीन महिन्यांनी चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलाशेजारी लागतो. कोणता नंबर कोणाचा, ही बाब अत्यंत गोपनीय असून ती फक्त एकशे त्रेचाळीस जणांना ठाऊक आहे. (मंडळीची एकूण संख्या एकशे त्रेचाळीस. तान्ही बाळं धरून.)

सत्तेचाळीस नंबर गेरिट टेनहाकनचा. गेरिट चिकट म्हणून प्रसिद्ध. उपदेश सुरू झाला की बाकांवरून पेपरमिंटच्या गोळ्या फिरतात आणि माणसं उपदेशागणिक दोन-दोन संपवतात. गेरिट एका गोळीचे दोन तुकडे करतो. दुसरा संध्याकाळच्या उपासनेसाठी रुमालात बांधून ठेवतो.

एका शरद ऋतूत त्याने ओढ्यापलीकडची ऐंशी एकर जमीन विकली. दहावा भाग किती होतो, हा हिशेब गावाने दोन दिवसांत पुरा केला. (गेरिटला स्वतःला चार दिवस लागले.) जानेवारीचा तक्ता लागला, तेव्हा लोक कॉफी न घेता आधी तिकडे गेले. सत्तेचाळीसपुढे नेहमीचाच आकडा होता, वर एक सेंट नाही.

"देवाचा वाटा गिळला की गं त्याने," असं बायका त्याच्या बायकोला, फेनाला, ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या.

त्याच महिन्यात चर्चला ऊब पुरवणारी तळघरातली भट्टी बंद पडली. बाहेर उणे अठ्ठावीस. पाळकांनी हातमोजे घालून केलेला उपदेश अकरा मिनिटांत संपला. हा मंडळीच्या इतिहासातला विक्रम असून, भट्टीची एवढी घाई नको असा एक मतप्रवाह तेव्हाच निर्माण झाला. पण पुढच्या मंगळवारी शहरातून एक ट्रक आला आणि दोन माणसांनी तळघरात नवीकोरी भट्टी बसवली. पैसे म्हणे कंपनीकडे पोस्टाने आले होते, नोटांत, बिनसहीच्या चिठ्ठीसोबत.

मंडळीत खरी धावपळ सुरू झाली ती इथून. या भागात गुप्तदाता ओळखायची रीत एकच: तो नाकारतो. तीन आठवड्यांत एकसष्ट जणांनी ती भट्टी आपण दिली नसल्याचं सांगितलं. त्यांपैकी अडतीस जणांना कोणी विचारलंही नव्हतं. सगळ्यांत सुंदर नाकारलं ते ट्रॅक्टरचा व्यापारी डेलविन रोएलोफ्स याने.

"छे छे, मी कुठला!" तो भट्टीच्या पाठीवर थोपटत म्हणाला. "आभार त्याचे माना. वरच्याचे." आणि मान खाली घातली. प्रश्न मिटला.

भट्टी अर्थात गेरिटने दिली होती. त्याचा हिशेब सरळ होता. जे दान माणसांना कळतं त्याचं बक्षीस इथेच मिळून जातं. एकाही माणसाला कळलं नाही, तरच ते वर जमा राहतं. नंबराचं पाकीट पुरेसं गुप्त नव्हतं. बायकोही माणसांतच मोडते. म्हणून त्याने तिलाही सांगितलं नाही. नाकारायची वाक्यं मात्र गोठ्यात गाईंपुढे पाठ करून ठेवली होती. पण त्याला विचारायला कोणी आलंच नाही.

उलट, उपासनेनंतर तो गरम हवेच्या जाळीवर पाय शेकत उभा राहिला की डेलविन म्हणायचा, "शेक बाबा, शेक. ऊब फुकट आहे." सगळे हसायचे. फेना कपबश्या विसळत राहायची.

फेब्रुवारीत भट्टी पुन्हा रुसली. कंपनीने कळवलं: दुरुस्ती फुकट होईल, पण खरेदीदाराने हमीपत्र दाखवावं. तळघरातल्या सगळ्या माना डेलविनकडे वळल्या.

"हमीपत्र ना?" डेलविनचा चेहरा पिठासारखा झाला. "असेल की. कुठेतरी... घरी."

"मग आणा की, डेलविन. मुलं कुडकुडतायत," पाळक म्हणाले.

भट्टीला अडकवलेलं ते हमीपत्र ती बसली त्याच संध्याकाळी गेरिटने काढून आणलं होतं. त्यावर नावाची जागा कोरी होती, आणि कोरी जागा माणसाला मोहात पाडते. आता ते त्याच्या आतल्या खिशात होतं. नुसता हात घालून बाहेर काढायचं, की डेलविन जमिनीत जाणार, बायका जीभ चावणार आणि फेनाची मान वर होणार. गेरिटने हात घातला. फेनाकडे पाहिलं. मग जिन्यावरून वर गेला. तिथे खुंट्यांवर सगळ्यांचे कोट होते.

पाच मिनिटांनी डेलविन पळ काढायला कोट घालतो, तर खिशात हमीपत्र. तो बराच वेळ छताकडे बघत उभा राहिला. मग पेन काढून त्याने कोऱ्या जागेत आपलं नाव लिहिलं. भट्टी दुरुस्त झाली. त्या दिवसापासून डेलविनने नाकारणं बंद केलं. देवाने आपल्या हातून इतकं गुप्त दान करवून घेतलं, की आपल्यालाही कळू दिलं नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

घरी जाताना गाडीत फेना म्हणाली, "माणसाचं मन असावं तर डेलविनसारखं. तुला जमलं असतं?"

"नाही," गेरिट म्हणाला.

"ऐंशी एकर विकलेस. दशांश दिलास का रे? मला तरी खरं सांग."

"दिला."

"कुठे?"

गेरिटने रुमालातला पेपरमिंटचा अर्धा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. 

तर, मंडळीला पत्ता नाही, पाळकांना नाही, फेनाला नाही, खुद्द डेलविनलाही नाही. गेरिटचं बक्षीस आज सकाळपर्यंत स्वर्गात शाबूत होतं. मग तुम्ही ही गोष्ट वाचायला घेतलीत. भट्टी कोणाची हे कळल्यावर तरी थांबायचं. तुम्ही थेट इथवर आलात. आता झालं ते झालं. कोणी विचारलंच, तर मला काही माहीत नाही म्हणा. पण म्हणताना मान खाली घालू नका.