कृपा रीच झाली

श्रीरामपुरात माणसं बोलताना पोचतात, मोबाईलवर मात्र 'रीच' होतात. यशाचंही तसंच. यश छापील पत्रिकेत मिळतं, एरवी सगळ्यांना 'सक्सेस'च लागतो. त्यामुळे कृपानं नगरच्या शाळेच्या फाटकातून घरच्या ग्रुपवर 'रीच्ड' एवढंच टाकलं, यात तिचं काहीच चुकलं नाही.

इंग्रजीच्या शिक्षिकेच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. तिचे वडील एलियागुरुजी सकाळी स्टँडवर सोडायला आले तेव्हाच बजावून गेले होते, "यावेळी झालं तर झालं. न्हाईतर नेवाशाच्या मंडळींना मी होकार कळवतो. लई वाट बघितली आता." नेवाशाचा मुलगा वाईट नव्हता. पण कृपाला आधी स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं.

'रीच्ड'ला पहिलं उत्तर आलं पुष्पावती आत्यांचं. इंग्रजीत काहीही आलं की फुलांचा गुच्छ आणि 'काँग्रॅच्युलेशन्स' पाठवायचं, असा आत्यांचा नेम होता. मागे कृपाचा चुलतभाऊ रॉबिन डेंग्यूनं 'ॲडमिट' झाल्याचा मेसेज आला, तेव्हाही त्यांनी गुच्छ पाठवला होता. सॅमसनकाकांना तो गुच्छ तेवढा दिसला, म्हणून त्यांनी टाळ्या टाकल्या. टाळ्या बघून शॅरनवहिनींनी 'सो प्राउड ऑफ यू' लिहिलं. वर सरकवून मूळ मेसेज वाचायचे कष्ट कोण घेतो? एका मेंढरामागं सगळा कळप निघाला आणि थोड्या वेळात गल्लीच्या ग्रुपवरही कृपाला नोकरी लागली.

एलियागुरुजी चक्रावले. मुलाखत तर अजून सुरूही झाली नसेल! पण सगळ्या नातेवाइकांना माहीत आणि बापालाच पत्ता नाही, हे विचारायचं तरी कुणाला? विचारलं तर लाज जाणार. तेवढ्यात गल्लीतले भावी नगरसेवक छगनराव पेढे घेऊन दारात हजर.

"सलाम गुरुजी! झालं म्हने ताईंचं!"

"हां... देवाची दया," गुरुजी पेढा तोंडात धरून म्हणाले.

"मग आमाला आधी सांगायचं न्हाई व्हय? थांबा, फ्लेक्स टाकतो. तुमचा एखादा कोटातला फोटो द्या."

गुरुजींना खरं तर नको म्हणायचं होतं. पण तोंडात पेढा होता, आणि कोटातला फोटो खरोखरच छान आला होता.

इकडे नगरला बाकावर बसलेल्या कृपाचा फोन थरथरायचा थांबेना. अभिनंदन कशाचं? तिनं वडिलांना फोन लावला, तर तो सारखा बिझी. मग शॅरनवहिनींना लावला.

"वहिनी, काय झालंय?"

"अगं, तुझं झालं ना!"

"पण मी अजून आत गेलेच न्हाई!"

"आत जायच्या आधीच झालं?" वहिनींचा आवाज एकदम हळू झाला. "मग वरून बोलणं झालेलं दिसतंय. कुणाला सांगू नको बाई."

कृपाला काही समजेना. पप्पांनी कुठं शब्द टाकला? का छगनरावांनी? ती विचार करते आहे तोच शिपायानं तिचं नाव पुकारलं, फोन काढून घेतला आणि तिला आत पाठवलं. समोर तीन जण बसले होते.

"बसा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"थँक्यू मॅडम. जॉइन कधी व्हायचं?" सगळं ठरलेलंच आहे असं धरून कृपानं विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाला वाटलं, मॅडमनी हिला आधीच सांगितलंय. मॅडमना वाटलं, या दोघांपैकी कुणाची तरी नातेवाईक दिसते.

"आधी एक वाक्य करून दाखवा," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "'सक्सीड' वापरून."

"आय हॅव ऑलरेडी सक्सीडेड," कृपा हसून म्हणाली.

वाक्यात एकही चूक नव्हती. पण मॅडमचा पारा चढला. इतका आगाऊपणा आमच्या शाळेत चालत नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि कृपा बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर नेवासा उभा राहिला होता.

संध्याकाळी ती श्रीरामपूरला उतरली तर स्टँडवर ताशा वाजत होता. छगनरावांनी तिच्या गळ्यात हार घातला. गल्लीच्या तोंडावर भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर छगनराव दाराएवढे, गुरुजी कोटात, आणि कोपऱ्यात टिकलीएवढी कृपा. 'गल्लीची शान! नोकरी लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

घरात शिरल्यावर तिनं दार लावून घेतलं. आत तिघंच होती, ती, गुरुजी आणि पाठोपाठ घुसलेले छगनराव.

"पप्पा, न्हाई झालं. करा नेवाशाला फोन." आणि तिला रडूच फुटलं.

"हळू बोला ताई, बाहेर ऐकू जाईल!" छगनराव घाबरले.

गुरुजी खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "त्यांचाच फोन येऊन गेला. फ्लेक्स बघितला त्यांनी मोबाईलवर. मी तोऱ्यात सांगून बसलो, पोरगी आता कमावती हाय, तिच्या मनाला येईल तवाच लग्न करील. आता कुठल्या तोंडानं फिरवू?"

"फिरवायचं न्हाई, गुरुजी," छगनराव म्हणाले. "फ्लेक्स उतरवला तर माझं तिकीट गेलंच. ताई, दुसऱ्या शाळा बघा. माझ्या गाडीनं सोडतो. फ्लेक्सवर शाळेचं नाव टाकलेलंच न्हाई, कुठलीबी चालंल."

"आन् तिथंबी न्हाई झालं तर?" कृपानं डोळे पुसत विचारलं.

"मग त्याच्या पुढची," गुरुजी म्हणाले. मग काळजीनं छगनरावांकडे वळले, "किती दिवस टिकतो रे फ्लेक्स?"

"एक नंबर माल हाय, गुरुजी. दोन-तीन वर्सं बघायला नको!"

दोन-तीन वर्षं! कृपानं गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला आणि छगनरावांकडे आयुष्यात पहिल्यांदा मायेनं पाहिलं.

"छगनभाऊ," ती म्हणाली, "चहात साखर किती घालू?"