नापासांचा चहा

नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या माणसाला भूक लागते, ही गोष्ट आमच्या कार्यालयाच्या लक्षात १९५३ साली आली. तोपर्यंत तसा कोणताही पुरावा उपलब्ध नव्हता.

मी, सदाशिव खानझोडे, त्या वेळी केंद्र सरकारच्या एका खात्यात नागपूरहून बदली होऊन कलकत्त्याला आलो होतो. बालीगंजला राहत होतो आणि स्वतःला पुरोगामी समजत होतो. बंगाली भाषेचं माझं ज्ञान जेमतेम होतं. आल्या आल्या एका एकादशीला कॅंटीनमध्ये 'शिंगाडा' दिसला, म्हणून मी मोठ्या श्रद्धेने तो मागवला. इकडे सामोशाला शिंगाडा म्हणतात हे आतला वाटाणा लागल्यावर कळलं. उपास मोडलाच होता, म्हणून मी आणखी एक मागवला.

त्या दिवशी टंकलेखकाच्या जागेसाठी मुलाखती होत्या. निवड समितीत आम्ही तिघे होतो. अध्यक्ष जयप्रकाश सहाय, हिशेब विभागाचे शरच्चंद्र घोषालबाबू आणि मी. समोर शिंगाडे, संदेश नावाची बंगाली मिठाई आणि चहा होता. बाहेरच्या बाकांवर सकाळपासून उमेदवार होते.

सुनीती सेनगुप्ता नावाची मुलगी आत आली. बेहालाला राहणारी, फाळणीत ढाक्याहून आलेल्या घरातली. सहायसाहेबांनी तिला काहीतरी विचारलं.

"क्षमा करा," ती म्हणाली, "प्रश्न कळला नाही. आपण चावत होतात."

सहायसाहेबांचा घास जागच्या जागी थांबला.

"आणि बाहेरचा पाण्याचा माठ रिकामा आहे," ती पुढे म्हणाली. "हे तक्रार म्हणून सांगत नाही. आपल्याला माहीत नसेल म्हणून सांगते."

मुलाखत तिथेच तहकूब झाली. मला लाज वाटली. आमच्या खात्यात लाज वाटली की टिपण लिहायची पद्धत आहे, त्याप्रमाणे मी लिहिलं. मुलाखतीस येणाऱ्या उमेदवारांना कार्यालयातर्फे अल्पोपाहार देण्याचा विचार व्हावा.

विचार झाला. पहिली हरकत घोषालबाबूंची होती.

"उमेदवार म्हणजे नेमका कोण?" त्यांनी विचारलं. "तो कर्मचारी नाही. पाहुणाही नाही, कारण पाहुण्याला आपण 'स्वखर्चाने उपस्थित राहावे' असं लिहीत नाही. जो स्वखर्चाने आला, त्याने स्वखर्चाने खावं."

"पण माणुसकी म्हणून..." मी म्हणालो.

"माणुसकी कोणत्या शीर्षाखाली खर्ची टाकू?"

शेवटी ती 'किरकोळ' या शीर्षाखाली बसली. मग प्रश्न आला वेळेचा. मुलाखतीआधी चहा दिला तर उमेदवार आपल्या उपकाराखाली येईल, असं सहायसाहेबांचं मत पडलं. घोषालबाबूंना वेगळीच भीती होती. चहाने जीभ भाजली म्हणून उत्तरं आली नाहीत, असा अर्ज उद्या कोणी केला तर? म्हणून चहा मुलाखतीनंतर द्यायचं ठरलं. पण मुलाखतीनंतर ज्याची निवड झाली तो कर्मचारी झाला, आणि कर्मचाऱ्याने कॅंटीनमध्ये पैसे देऊन खायचं असतं. त्याला फुकट देणं बेकायदा. मग उरले कोण? जे नापास झाले ते. त्यांनाच चहा द्यावा. एका परीने ते सांत्वनही होईल.

ही शेवटची सूचना कोणा कोरड्या मनाच्या माणसाची असेल असं वाटण्याचा संभव आहे. ती माझी होती. सांत्वन हा शब्दही माझाच.

घरी येऊन मी ही हकिकत नलिनीला अभिमानाने सांगितली. ती पोळ्या लाटत होती.

"म्हणजे ज्याच्यापुढे चहा आला, तो नापास?" तिने विचारलं.

"असा अर्थ काढायचा नसतो."

"अहो, मग कसा काढायचा?"

"सरकारी निर्णयाचा अर्थ काढतच नाहीत. त्याची अंमलबजावणी करतात."

अंमलबजावणी सुरू झाली. आमचा शिपाई रामधनी हा कॉरिडॉरमधला सर्वांत लाडका माणूस होता. आता तो ट्रे घेऊन दाराबाहेर आला की बाकांवरचे उमेदवार खिडकीतून बाहेर बघू लागत. एकजण त्याला पाहून जिन्याकडे पळाला, आणि त्याच्या मागे चहा घेऊन रामधनी धावला, कारण कप पोचल्याची सही घ्यायची असे. एक प्रौढ गृहस्थ होते, केस पिकलेले, कोटाच्या कोपरांना ठिगळं. त्यांनी ट्रे दोन्ही हातांनी मागे सारला आणि दाराच्या फटीतून आत बघत म्हणाले, "साहेब, शिंगाडा राहू द्या. त्याऐवजी आणखी एखादा प्रश्न विचारा."

तशी तरतूद नव्हती.

थोड्याच दिवसांत आजूबाजूच्या कार्यालयांतही ही गोष्ट पसरली. कोणी उमेदवाराला सहज "चहा घेणार?" म्हटलं की त्याचा चेहरा उतरे. रामधनीने बदलीचा अर्ज दिला. 'सकाळी लोक माझं तोंड बघणं टाळतात', असं कारण त्याने लिहिलं होतं. मी शेरा मारला, योजना लोकांपर्यंत पोचली आहे.

यथावकाश सुनीतीची तहकूब मुलाखत पुन्हा लागली. वैशाखातलं ऊन, बेहालाहून ट्रामचा प्रवास, आणि आमच्या मुलाखती नेहमीप्रमाणे उशिरा सुरू झालेल्या. तिच्या आधीचा उमेदवार नापास झाला आणि ट्रे पाहताच निघून गेला. रामधनी कप हातात घेऊन उभा राहिला.

"हा कोणासाठी?" सुनीतीने विचारलं.

"दीदी, याला हात लावू नका," रामधनी कळवळून म्हणाला. "हा नापासांचा आहे."

"ते गेले ना? मग इकडे द्या. मला भूक लागली आहे. चहाला काय कळतंय कोण पास आणि कोण नापास."

तिने बाकावर बसून शांतपणे चहा घेतला, शिंगाडा खाल्ला, हात रुमालाला पुसले आणि आत आली. तिच्यासारखी मुलाखत मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. उत्तरं नेमकी होती. टंकलेखनाच्या कागदावर एक चूक सापडेना, आणि घोषालबाबूंनी ती चष्मा पुसून पुसून शोधली. ती बाहेर गेल्यावर सहायसाहेब म्हणाले, "प्रश्नच नाही. हीच."

"हीच," मी म्हणालो.

"हीच," घोषालबाबू म्हणाले, आणि मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण यांनी चहा घेतला आहे."

"म्हणजे?" सहायसाहेबांनी विचारलं.

"चहा फक्त नापासांना देय आहे. यांनी घेतला आहे. यांची निवड केली तर तो कप अनियमित ठरतो. तपासणीत मी काय उत्तर देऊ?"

"पैसे भरून घ्या," मी म्हणालो.

"कर्मचारी नसलेल्या व्यक्तीकडून चहाची वसुली? कोणत्या नियमाने?"

आम्ही सर्व बाजूंनी विचार केला. कप नियमित करण्याचा एकच मार्ग उरत होता. मी तीव्र विरोध केला. तो विरोध माझ्या शब्दांत नोंदवून घेतला गेला, आणि त्याखाली एकमताने निर्णय लिहिला गेला. मीही सही केली. विरोध करणाऱ्याने सही केली नसती तर विरोध अधिकृत झाला नसता.

तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण विषय माझा होता.

"तुमची पात्रता निर्विवाद आहे," मी कॉरिडॉरमध्ये म्हणालो. "फक्त चहाची एक तांत्रिक अडचण आली."

ती हलक्या आवाजात म्हणाली, "खानझोडेबाबू, बाबा दारात उभे असतील. मी काय सांगू त्यांना?"

"सांगा की समितीचं तुमच्याबद्दल फार चांगलं मत झालं."

"त्याने घरभाडं भागतं का?"

तिने पदर सावरला आणि जिना उतरून गेली. तेवढ्यात रामधनी ट्रे घेऊन आला. ती आता रीतसर नापास झाल्यामुळे तिला रीतसर चहा देय होता. मघाचा अनियमित होता. रामधनी तिच्यामागे फाटकापर्यंत जाऊन परत आला. शिंगाडा वाया जाऊ नये म्हणून मी खाल्ला.

संध्याकाळी मी फार खिन्न मनाने घरी आलो. दारात एक बाई उभी होती. क्षीरोदा तिचं नाव. बजबजहून लोकलने आलेली. आमच्याकडे भांडी-धुण्याला बाई हवी होती, आणि नलिनीने तिला दुपारपासून थांबवून ठेवलं होतं. साहेब येऊन प्रश्न विचारतील, त्यांना सवय आहे म्हणून.

मी आरामखुर्चीत बसलो. नलिनीने मला चहा आणि पोहे आणून दिले. मग मी मुलाखत घेतली. आधी कुठे काम केलं, का सोडलं, खाडे किती होतील, घरात आजारी कोण, हात स्वच्छ आहे याची खात्री कोण देईल. क्षीरोदा उंबऱ्याबाहेर एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत सगळ्याला "हो बाबू", "नाही बाबू" म्हणत होती. सगळी उत्तरं समाधानकारक होती.

"बरं, कळवू," मी म्हणालो. ती कठड्याला धरून जिना उतरली.

"बाई चांगली वाटली," नलिनी म्हणाली. "पण फार थकलेली दिसत होती हो. रोजचं काम झेपेल का तिला?"

"तोच विचार मी करतोय," मी म्हणालो, आणि आम्ही दुसरी बाई बघायचं ठरवलं.

आता तुम्हाला माझा राग आला असेल, आणि तो योग्यच आहे. फक्त रागाच्या भरात एवढं आठवून सांगा. तुमच्या दारात अशी मुलाखत शेवटची झाली, तेव्हा उमेदवार कुठे बसली होती?