उजवीकडून पहिली सीडी

“पुस्तक वाचनालयात ठेवण्याजोगं आहे की नाही, ते मी दहा पानांत सांगते. अकरावं पान मी वाचलंच, तर ते माझ्या हौसेखातर!” हे वाक्य ग्रंथपालबाई दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. वीस वर्षांत त्यांचा अंदाज चुकला नव्हता. निदान कुणी तसं तोंडावर म्हटलं नव्हतं.

त्यामुळे दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जपानी अ‍ॅनिमे मालिकेची पेटी टेबलावर ठेवून “वाचनालयाला भेट” म्हटलं, तेव्हा बाईंनी “दुपारपर्यंत कळवते” असं ठोकून दिलं. वाचनालयाचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, समोरच वर्तमानपत्र वाचत बसले होते.

“कार्टून?” सर म्हणाले. “बाई, उद्या इथे पाळणे टांगाल.”

“सर, आधी बघू तर द्या.”

“खुशाल बघा. पण यात तुमचा अंदाज चुकला, तर यापुढे प्रत्येक पुस्तक समिती निवडेल.”

समिती म्हणजे सर आणि बैठकीत डुलक्या काढणारे त्यांचे दोन मित्र. बाईंनी पेटी आपल्याकडे ओढून घेतली.

पेटीत तेरा सीडी होत्या. त्यांवर आकडे नव्हते, नुसती चित्रं. दुसरं कुणी डावीकडून सुरुवात केली असती. पण बाई जाणकार! मागच्या वर्षी एक जपानी चित्रकथा उलटी बांधलीय म्हणून त्यांनी ती बाइंडरकडे परत धाडली होती, आणि ही पुस्तकं उजवीकडूनच उघडतात हे बाइंडरने त्यांना हसत हसत समजावलं होतं. आता त्या फसणार नव्हत्या. त्यांनी उजवीकडची पहिली सीडी ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये घातली.

पडद्यावर समुद्र आला आणि बाई जेवायचं विसरल्या. एक म्हातारी दीपगृहाचा दिवा शेवटचा विझवून एकटीच जिना उतरत होती. पुढच्या भागात तिच्या पांढऱ्या केसांत काळे केस दिसायला लागले. भिंतीवरच्या फोटोतला नवरा त्यापुढच्या भागात होडीतून आला आणि भिजलेले बूट दारात काढून आत शिरला. बाईंच्या अंगावर काटा आला. जे जे गेलं होतं, ते एकेक करून परत येत होतं. चौथ्या दिवशी तेरावी सीडी संपली. एक चिमुरडी बापाच्या खांद्यावर बसून तोच दिवा पेटताना बघत होती. बाई पदराने डोळे पुसत बसून राहिल्या. दहा पानांचा हिशेब त्यांना आठवलासुद्धा नाही.

त्यांनी चार पानी अभिप्राय लिहून फलकावर लावला. सरांनी तो नाक मुरडत वाचला आणि “खात्री करून घेतो” म्हणत पेटी घरी नेली. ते निघताना बाईंनी बजावलं, “उजवीकडून हं, सर.”

त्यानंतर दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई फलकासमोर थबकल्या.

“बाई, ‘नवरा समुद्रावरून परत येतो’ असं काय लिहिलंय? तो परत येतच नाही. जातो.”

“जातो?”

“तुम्ही कुठून सुरुवात केलीत?”

बाईंनी सांगितलं. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या आणि तोंडावर रुमाल धरून बराच वेळ हसल्या. तेवढ्यात सर पेटी घेऊन दारात उभे! सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. वीस वर्षांची निवड आता गेली, असं बाईंनी मनातल्या मनात गृहीतच धरलं.

“माहीत आहे मला,” सर म्हणाले. “उजवीकडून पाहून झाल्यावर चित्रांवरून शंका आली, म्हणून मग सुलटीही पाहिली. शेवटी ती एकटीच राहते हो.” त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. चार वर्षांपूर्वी पत्नी गेल्यापासून ते रोज वाचनालयाचं दार उघडायच्या आधी येऊन थांबत, हे बाईंना ठाऊक होतं. “तुमच्या पद्धतीने पाहिलं की माणूस घरी येतो. पेटी ठेवून घ्या. आणि निवड तुमच्याकडेच राहू द्या.”

बाईंनी पेटीवर चिठ्ठी डकवली : कृपया उजवीकडून पाहा.

पुढच्या आठवड्यात सर एक रहस्यकथा घेऊन तणतणत आले आणि त्यांनी ती टेबलावर आपटली.

“बाई, उजवीकडून उघडलं, तर खून कुणी केला ते पहिल्याच पानावर कळतं. असलं पुस्तक निवडलंत तरी कसं?”